माहूरचा तांबूल, लातूरचा कप

मला महागडं आइस्क्रीम आवडतं हे मी आता लपवत नाही. विमा कंपनीत नोकरीला होते तेव्हा लपवायचे. महिन्यातून एकदा ठाण्याहून थेट दक्षिण मुंबईत जायचं, जिथे व्हॅनिला कुठल्या बेटावरून आणला ते पाटीवर लिहिलेलं असतं अशा दुकानात बसायचं, आणि घरी येऊन ऑफिसात उशीर झाला म्हणून सांगायचं. निवृत्तीनंतर ही चोरी संपली. आता माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा स्टीलचा चमचा असतो, कारण लाकडी चमच्याने आइस्क्रीमला लाकडाची चव येते. मैत्रिणी हसतात. हसू देत. त्यातली एक साड्या घेते, दुसरी दर दोन वर्षांनी स्वयंपाकघर फोडून नवं करते. मी खाऊन मोकळी होते, घरात अडगळ तरी राहत नाही.

इतकी वर्षं खाल्ल्यावर जीभ तयार होते. दुधात पावडर मिसळली असेल तर मला पहिल्या घासाला कळतं. डब्यात आइस्क्रीम किती आणि फेटलेली हवा किती, तेही कळतं. म्हणून गेल्या मार्चमध्ये लातूरहून सुरेखाचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. सुरेखा माझी मावसबहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिने राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आइस्क्रीमचं दुकान काढलं, तेही चांगल्यातल्या चांगल्या मालाचं आणि त्याच तोडीच्या भावाचं. सगळ्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं होतं. मी तेवढी खूश झाले होते.

"अक्का, तू एकदा येऊन जा," ती म्हणाली. "समदं खाऊन बघ अन् खरं काय ते सांग. माल चांगला न्हाई म्हणालीस तर मी गुमान बंद करते. बालाजीला तिथं अभ्यासिका काढायचीय. पाडव्यापर्यंतचा टाइम दिलाय त्यानं."

बालाजी तिचा नवरा, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. अभ्यासिका म्हणजे लाकडी खोपटांसारखी टेबलं, वर एसी आणि खाली मान घालून बसलेली डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. लातुरात गल्लीगल्लीत अशी एक असते आणि ती भरलेली असते. बालाजीचं म्हणणं चूक नव्हतं. पण सुरेखाच्या आवाजातलं ते 'गुमान' मला सहन झालं नाही. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

नांदेड

लातूरला सरळ गाडी असताना मी नांदेडला उतरले, कारण माहूरची रेणुका आमचं कुलदैवत. नोकरीभर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले होते. आता कुणाची रजा मागायची नव्हती.

सोबत थर्माकोलचा डबा होता. सुरेखाला तुलना करता यावी म्हणून मुंबईतल्या माझ्या आवडत्या दुकानातला पिस्ता आणि काळं चॉकलेट सुक्या बर्फात घालून आणलं होतं. गाडी इतकी रखडली की नांदेडला डबा उघडला तेव्हा बर्फाची वाफ होऊन गेली होती. लॉजच्या मॅनेजरला मी फ्रीजर आहे का विचारलं.

"हाव, हाय की," तो म्हणाला. "पण त्यात मटण हाय."

मटणाच्या शेजारी मी पिस्ता ठेवणं शक्य नव्हतं. मग सकाळी दहा वाजता लॉजच्या काउंटरवरच आम्ही तिघं खायला बसलो. मी, मॅनेजर आणि माहूरला न्यायला आलेला टॅक्सीवाला गंगाधर. मॅनेजर दोन चमच्यांत उरकून उठला. गंगाधर मात्र मन लावून खात होता. त्याला मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, कसं वाटलं?

"बेस हाय," तो म्हणाला. मग डब्याची किंमत विचारली. मी सांगितली. त्याने चमचा खाली ठेवला. "ताई, एवढ्यात तर आमच्या घरच्या सगळ्यांची बिर्याणी होती."

आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरमध्ये जेवलो. आमच्याकडे ठाण्यात पाहुण्याला 'जेवूनच आला असाल ना' असं विचारतात आणि उत्तर 'हो' यावं म्हणून देवाला हात जोडतात. इथे कुणी काही विचारत नाही. तुम्ही मांडी घालून बसलात की ताट समोर येतं. वाढणारा पुन्हा पुन्हा फिरत होता आणि मी डाळ तीनदा घेतली.

भोकरच्या पुढे

भोकरला चहा घेतला. चौकात हरभऱ्याची पोती भरलेल्या टेम्पोंची रांग होती आणि ऊन आत्ताच डोक्यात जायला लागलं होतं. भोकर मागे पडलं तशी शेतं विरळ झाली आणि किनवटच्या बाजूला सागाचं रान लागलं. सागाची पानगळ झालेली. मधूनमधून पळस फुललेला, एक पान नाही, नुसती केशरी फुलं. मी गाडी थांबवायला लावली आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिले. मराठवाडा म्हणजे उघडं माळरान असं इतकी वर्षं छातीठोकपणे लोकांना सांगत आले होते, त्याची लाज वाटली.

गंगाधर गाडीला टेकून माझ्याकडे बघत होता. "तिकडं झाडं नसतेत का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, असतात, पण त्यांच्याभोवती सिमेंट असतं.

माहूर

गडाच्या पायऱ्या चढताना मी तीनदा बसले. दर्शन मात्र शांतपणे झालं. रेणुकेचा तो एवढा मोठा शेंदरी मुखवटा, डोळे सरळ तुमच्यावर रोखलेले. मी बरंच काही मागायचं ठरवून गेले होते, पण समोर उभी राहिल्यावर तोंडातून फक्त 'सुरेखाचं दुकान' एवढंच आलं.

आणि मग हातावर तांबूल पडला. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांना सांगते, माहूरला देवीचा प्रसाद म्हणजे पेढा नाही की साखरफुटाणे नाहीत. विड्याची पानं, सुपारी, कात, चुना, बडीशेप, वेलची असं सगळं एकत्र कुटून केलेला लालसर गोळा. देवीच्या मुखाला लावतात आणि मग आपल्याला देतात. मी तो जिभेवर ठेवला. आधी तुरट, मग गार, मग कुठूनतरी मागून गोडवा आला. सुरेखाचं दुकान वाचवणारा कप मला तिथेच, गडावर, तोंडात सापडला. दक्षिण मुंबईतल्या एकाही दुकानात असं काही नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

पायऱ्यांच्या खाली तांबूल विकणाऱ्यांची दुकानं आहेत. एका बाईंच्या दुकानातून खलबत्त्याचा ठणठण आवाज येत होता, तिथे गेले आणि एक किलो मागितला. बाईंनी बत्ता थांबवला.

"किलोभर? कुटं वाटायचाय?"

"आइस्क्रीम करायचंय त्याचं. लातूरला."

"अगं बया!" त्या खदखदून हसल्या. मग हात पुसत विचारलं, "दाखवलेला न्यायचा का तसाच? तसा न्यायचा असंल तर हा आत्ता कुटलेला हाय. दाखवलेला पायजे तर वर जाऊन देवीला दाखवून आणा."

मी क्षणभरही विचार केला नाही. मला अस्सल माल हवा होता. बेटाचं नाव लिहिलेला व्हॅनिला खाणारी बाई मी, देवीला दाखवलेला तांबूल सोडून तसाच कसा नेईन? मी ती पिशवी उचलली आणि त्या पायऱ्या पुन्हा चढले. पुजाऱ्यांनी देवीला दाखवून पिशवी परत दिली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते. खाली आल्यावर बाईंनी तो पळसाच्या पानांत बांधून दिला. हात जोडून म्हणाल्या, "आता नीट न्या बरं." मला वाटलं, सांडू नका म्हणतायत.

लातूर

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचले. आष्टामोडला चिवडा खाल्ला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. लातुरात शिरताना दालमिलचा तो भाजल्यासारखा वास येतो आणि मग पोरंच पोरं. पाठीवर सॅक, हातात वह्या, एका स्कूटीवर तिघी.

सुरेखा दारातच उभी होती. वाळली होती. पाय धुवायच्या आधी मी म्हटलं, कप आण. माझा चमचा बाहेर काढला.

तिने सात कप ओळीत मांडले. उजनीच्या बासुंदीच्या धर्तीवर दूध आटवून केलेलं, त्यात कढईला लागलेली खरपूस साय तशीच ठेवलेली. हुरड्याचं, ज्यात भाजल्याचा धूर अजून होता. पानचिंचोलीकडच्या चिंचेचं, गूळ आणि मिरी घातलेलं, बिनदुधाचं. त्या चिंचेच्या कपापाशी मी थांबले. आंबट, मग काळ्या गुळाची गोडी, मग घशात मिरी. मी डोळे मिटले. मला खरोखर रडू आलं. इतक्या दुकानांचे उंबरे झिजवले, आणि इतकं चांगलं आइस्क्रीम माझ्या मावशीच्या पोरीने केलेलं असावं.

"सुरेखा, माल पहिल्या नंबरचा आहे," मी म्हटलं. "याच्यात काहीही बदलू नकोस."

ती हसली नाही. "मग लोक येऊन भाव वाचून माघारी कामून जातेत?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी पळसाची पानं सोडली. लोकांना आत ओढायला एक ओळखीचं नाव लागतं, मी तिला समजावलं. तांबूल खायला येतील, चिंच खाऊन जातील.

सुरेखाने गोळ्याकडे पाहिलं. "दाखवलेला हाय का?"

"मग! दोनदा चढले गड."

तिने गोळ्याला हात जोडले आणि कामाला लागली. ती काम करताना बघणं हा एक वेगळा आनंद आहे. तांबूल गरम दुधात घातला तर कडवट होतो हे तिने न चाखता ओळखलं, म्हणून रात्रभर थंड दुधात भिजत ठेवला आणि सकाळी कापडातून गाळला. गाळलेला चोथा तिने केराच्या डब्यात टाकला नाही. मागच्या अंगणात जाऊन तुळशीच्या कुंडीत माती उकरून पुरला. मी हे पाहिलं, आणि त्यातून काही म्हणजे काही बोध घेतला नाही.

पाटी मी लिहिली. 'माहूरचा तांबूल, देवीला दाखवलेला.' संध्याकाळी पाच वाजता दारात लावली. अर्ध्या तासात दुकान भरलं. दोन वर्षांत भरलं नव्हतं तेवढं. मी बालाजीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि बघा म्हटलं.

बघण्यासारखंच होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सात माणसांचं एक कुटुंब. त्यांनी एक कप घेतला. घरातल्या आजोबांनी चपला काढल्या, कप दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि चमचा बाजूला ठेवून बोटाने सगळ्यांच्या तळहातावर थोडं थोडं दिलं. सातही जणांनी चाटलं, हात डोक्यावरून फिरवला, आणि निघाले. एका कपात सात माणसं. मला वाटलं हेच कुटुंब असं असेल. पण पुढचे पाच जण तसेच. त्याच्या मागचे चार तसेच. दारात चपलांचा ढीग झाला. मी एका बाईंना आग्रहाने म्हटलं, अजून एक घ्या की, आवडलं ना? त्यांनी जीभ चावली. "परसाद दुसऱ्यांदा मागत नसतेत." मग चिंचेचा तरी बघा, म्हटलं. "आता परसादावर दुसरं काय खाऊ? तोंडात चव ऱ्हाऊ द्या."

मग गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांनी पाटी वाचली, मग खालचा भाव वाचला. चिडले वगैरे नाहीत. सुरेखाकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, परसाद इकून ऱ्हायलाव का?"

सुरेखाचा चेहरा पांढरा पडला. तिने एक कप त्यांच्या हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर कुणाचेच घेतले नाहीत. मी काउंटरमागे उभी होते आणि मला जमिनीने गिळावं असं वाटत होतं. तासाभरात सगळा तांबूल संपला, आणि बाकीचे सात डबे जसे सकाळी होते तसेच राहिले. बालाजीने आत जाऊन फोन लावला, आणि उद्या सकाळी दिगंबर मिस्त्री अभ्यासिकेच्या टेबलांसाठी माप घ्यायला येणार असल्याचं आम्हाला जेवताना सांगितलं. सुरेखाने मान डोलावली.

जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, चूक माझी आहे. पण मार्ग आहे. मी पुन्हा माहूरला जाते, न दाखवलेला तांबूल आणते. तो साधा विडाच. तो विकायला काय हरकत?

"अक्का, आज दीडशे माणसांनी तो डोळ्याला लावलाय," ती म्हणाली. "आता उद्यापासून त्याचा भाव लावू?" आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तू समद्याची चव घेतलीस. खाणारा कोण हाय ते कुटं बघितलंस?"

जिभेचा एवढा तोरा मिरवणारी मी, उठले आणि दारावरची पाटी काढून आणली.

सकाळी दिगंबर मिस्त्री आला. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, सायकलीला करवत बांधलेली. बालाजी क्लासला गेला होता. मिस्त्रीने भिंतीला टेप लावली आणि आकडे पुटपुटायला सुरुवात केली. एका बाजूला आठ टेबलं, दुसऱ्या बाजूला आठ. फ्रीजरची जागा मोजताना त्याने विचारलं, हे कुटं हलवायचं? सुरेखा म्हणाली, विकायचंय. हे ती इतक्या सरळ बोलली की मला तिच्याकडे बघवेना.

सकाळचे दहा वाजले होते आणि पत्रा तापायला लागला होता. मिस्त्रीच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते. सुरेखाने सवयीने चिंचेचा एक कप भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. मिस्त्रीने टेप मांडीवर टाकली, हात लेंग्याला पुसले, पायातल्या चपला मागे सरकवल्या आणि कप दोन्ही हातांनी उचलून कपाळाकडे नेला. कालची बातमी सगळ्या गल्लीत पोचली होती.

"कपाळाला लावू नका," सुरेखा म्हणाली. तिचा आवाज कॉलेजात शिकवतानाचा होता. "हा परसाद न्हाई. ही चिंच हाय. मी केलेली. हिचे पैशे पडतेत."

मिस्त्री गोंधळला. "किती?"

तिने पूर्ण भाव सांगितला, एक रुपया कमी केला नाही. मी श्वास रोखला. मिस्त्रीने कपाकडे पाहिलं, मग फ्रीजरकडे, मग पुन्हा कपाकडे. पण आता कप हातात होता. त्याने चमचा घातला. आंबटाने त्याचा एक डोळा मिटला. मग त्याने हळूहळू, एकट्याने, कुणाला न देता तो सगळा कप संपवला आणि तळाशी राहिलेला गूळ खरवडून खाल्ला.

"लई महाग हाय बाई," तो म्हणाला. खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले. नुसताच बसून राहिला. मग म्हणाला, "आजून एक द्या."

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. तिने फ्रीजर उघडला, चिंचेच्या डब्यात हात घातला आणि न वळताच म्हणाली,

"देते. आदी ती टेप गुंडाळा."